काटा साठवरच होता!

गणितात मी शाळेपासून हुशार! त्यामुळे ट्रकचा वेग वाढवायला नवं इंजिन लागत नाही, हे मी वहीच्या एका पानावर सिद्ध केलं, तेव्हा मलाच माझं कौतुक वाटलं.

ट्रक मूळचा सासरेबुवांचा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी चालवला आणि निवृत्त होताना मला दिला. मुलगी देताना त्यांनी मला एकही सूचना केली नव्हती, पण ट्रक देताना पाऊण तास केल्या. शेवटची सर्वांत महत्त्वाची. "जावईबापू, साठच्या वर न्यायचा नाही. त्याला सोसत नाही."

सोसत नव्हतंच! साठला इंजिन असं किंचाळायचं, जसं कुणी त्याची दाढ उपटतंय. मोकळ्या रस्त्यावर मला बसगाड्या, टेम्पो, एकदा तर चक्क रोडरोलर नेणारा ट्रेलर मागे टाकून गेला!

मी वही घेऊन मिस्त्रीकडे गेलो. "मागच्या चाकांमधला तो लोखंडी गोळा, त्या हाउसिंगमधले दोन दातेरी गिअर बदलायचे. आत्ता शाफ्टच्या जवळजवळ सात फेऱ्यांना चाक एकदा फिरतं, ते सहाच्या आत फिरायला हवं. आणि टायर एक माप मोठे. इंजिन तितकंच पळेल, ट्रक जास्त!"

मिस्त्रीने हात पुसत पान पाहिलं. "वेग वाढेल. पण ओढ कमी होईल. भरला ट्रक चढाला रडेल, साहेब."

"चढ असतात तरी किती!" मी म्हणालो. माझं घर चढाच्या टोकाला आहे, हे त्या क्षणी मला आठवलं नाही.

काम पूर्ण झालं ते नेमकं सासरेबुवांच्या घरबदलीच्या सकाळी. ते आणि सासूबाई आमच्याजवळ राहायला येणार होते. नवे टायर लांबूनच चमकत होते, म्हणून मी त्यांना बादलीभर चिखल फासला. लग्नातसुद्धा मी इतका घाम गाळला नव्हता!

सामान चढलं. सासरेबुवा केबिनमध्ये चढू लागले आणि पाय अर्ध्यावर अडला.

"जावईबापू, पायरी उंच झाली की माझे गुडघे गेले?"

"गुडघे, बाबा," मी म्हणालो. देव मला क्षमा करो!

सासूबाई मांडीवर घड्याळ घेऊन बसल्या आणि आम्ही निघालो. सपाट रस्ता लागताच मी गाडी दामटली. काटा साठवर गेला, इंजिन किंचाळलं. नेहमीसारखंच! काटा तोच, किंचाळणं तेच. माझं तोंड एवढंसं झालं. गणित फसलं होतं!

सासरेबुवा मात्र खूष होते. "वा! साठला कशी नीट धरून ठेवली आहे." आम्ही एका बसला मागे टाकलं. मग दोन टेम्पोंना. "आज सगळे हळू का चाललेत हो?" सासरेबुवा म्हणाले. "लोकांना अक्कल येतेय बहुतेक."

पुढच्या वळणावर हवालदाराने हात केला.

"वेग किती होता?"

"साठ," मी छातीठोकपणे म्हणालो.

"मशीन त्र्याहत्तर दाखवतंय. इथे ट्रकला साठची मर्यादा आहे."

सासरेबुवा केबिनमधून उतरले नाहीत, कोसळलेच! "त्र्याहत्तर? अहो, अठ्ठावीस वर्षांत एक पावती नाही माझ्या नावावर! हा ट्रक साठच्या वर गेला ना, तर मी तो खाईन! टायरसकट!"

"काका, मशीन खोटं बोलत नाही."

"मग मीच चालवून दाखवतो! तुम्ही शेजारी बसा!"

"बाबा, नको," मी कुजबुजलो. माझ्या हुशार डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडत होता. मीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, म्हणजे काटा शाफ्टच्या फेऱ्या मोजतो, चाकाच्या नाही. मागच्या चाकांशी आपण काय दिवे लावले, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

पण सासरेबुवा निघाले. हवालदार आणि सासूबाई केबिनमध्ये, मी रस्त्यावर, मशीन धरलेल्या दुसऱ्या हवालदाराजवळ. ट्रक परत फिरून आमच्यासमोरून गेला, तेव्हा काटा साठवर ठेवून सासरेबुवा हवालदाराला तो बोटाने दाखवत होते.

मशीनवर आलेला आकडा दुसऱ्या हवालदाराने ट्रक थांबताच ओरडून सांगितला. त्र्याहत्तर!

"काका," हवालदार उतरत म्हणाला, "आधी कुठला टायर खाणार?"

सासरेबुवांनी खाली पाहिलं. मग वाकले. अंगठ्याने चिखल पुसला आणि टायरवरचं माप वाचलं. मग ट्रकखाली डोकं घालून मागचं हाउसिंग पाहिलं. नवा रंग! बाहेर येऊन ते माझ्याकडे एवढंच म्हणाले, "म्हणजे गुडघे ठीक आहेत माझे."

शेवटी चाकावर तेच होते, म्हणून पावती त्यांच्याच नावावर झाली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं!

मग आमच्या गल्लीचा चढ आला. ज्या चढावर ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत जायचा, तिथे तो पहिल्या गिअरमध्ये मध्यावर थांबला. मी क्लच सोडला, धूर आला, आणि आम्ही मागे घरंगळत पायथ्याशी पोचलो. तीन वेळा!

"अर्धं सामान उतरवा," सासरेबुवा म्हणाले. पावतीनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य.

कपाट, पलंग, खुर्च्या फुटपाथवर मांडून, सासूबाईंना राखणीला पलंगावर बसवून आम्ही वर गेलो. परत येतो तर ही गर्दी! लोकांना वाटलं, विक्री चालू आहे. सासरेबुवांची डुगडुगणारी आरामखुर्ची गायब होती.

"चांगला माणूस मिळाला, दिली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "वीस वर्षं वाट बघत होते."

संध्याकाळी मी मान खाली घालून कबूल केलं, "बाबा, चुकलो. सोमवारी जुने गिअर परत बसवतो."

सासरेबुवांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, दार अर्धं लोटलं आणि माझ्या कानाशी आले. "सोमवारी कशाला? घाई काय आहे? उद्या सकाळी रिकामा ट्रक काढू. सपाट रस्त्याला. मर्यादा ऐंशीची असेल तिकडे. मी चालवतो. अठ्ठावीस वर्षं मी त्या बसवाल्यांच्या पाठी बघितल्यात हो, जावईबापू!"

आतून आवाज आला, "मी पण येणार! आणि मला खिडकी हवी!"

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. सासरेबुवा चालवतात, सासूबाई खिडकीतून मागे पडणाऱ्या बसना हात करतात. ट्रकचा मालक, वेगाचा शोधक आणि गणितातला हुशार असा मी मध्ये बसतो. गिअरची दांडी तिसऱ्यात गेली, की ती नेमकी माझ्या गुडघ्यावर बसते!