सातव्या उंदराच्या शेजारी

तीन महिने झाले तरी सातही टकल्या उंदरांच्या पाठी तुळतुळीतच होत्या. प्रयोगशाळेतले काका रोज सकाळी त्या पाठींवर औषध चोळत, वहीत 'केस नाहीत' असं लिहीत आणि सुस्कारा सोडत. नोकरीची एकवीस वर्षं त्यांनी अशीच सुस्काऱ्यांवर ढकलली होती.

"काका, केसाच्या मुळाशी मूळपेशी असतात. टक्कल पडलं म्हणून त्या मरत नाहीत, नुसत्या झोपतात," प्रयोग करणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "हे औषध त्यांना उठवणार."

झोपलेल्याला उठवणं काकांना मुळातच पटत नसे. पण त्यांचं स्वतःचं टक्कल बारा वर्षांचं होतं आणि बाटली हाताशी होती. आधी थेंबभर घेतलं, मग बोटभर, मग चांगलं ओंजळभर. बाटली खुणेपर्यंत भरलेली दिसावी म्हणून ते वरून पाणी ओतत. दर सोमवारी नवी बाटली येई आणि मंगळवारी तिच्यात औषध नावालाच उरे.

काकांच्या डोक्यावर आधी लव आली, मग चक्क काळेभोर केस. "अगंबाई, लग्नात दिसत होतात तसे दिसताय!" म्हणत बायकोने बारा वर्षांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. काकांना भरून आलं. कामावर मात्र ते सर्दीच्या नावाखाली कानटोपी घालून बसू लागले.

एका सोमवारी मॅडम स्टुलावर मटकन बसल्या. "औषध काही चालत नाही, काका. शुक्रवारी प्रयोग बंद. तुमची नोकरी गेली, माझी आठ वर्षं गेली." त्या डोळे पुसू लागल्या.

काकांना राहवेना. त्यांनी टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम उठल्या आणि त्यांनी काकांचा एक केस खस्सकन उपटला.

"आई गं!"

"खरे आहेत!" मॅडमनी वही ओढली. "रोज किती लावत होता? सकाळी की संध्याकाळी?"

"म्हणजे... नोकरी?"

"पक्की! प्रयोगही पक्का!" मॅडमनी कपाटातून केस कापायचं यंत्र काढलं. "फक्त वाढ मोजायची तर शून्यापासून मोजायला हवी. दर सोमवारी."

काका निमूटपणे सातव्या पिंजऱ्याशेजारच्या खुर्चीत बसले. एकवीस वर्षांत त्यांना कामाला नाही म्हणता आलं नव्हतं, आज कुठून येणार!

संध्याकाळी बायकोने दार उघडलं आणि ती डोक्याकडे बघतच राहिली. "अहो, परत गेले?"

"येतील," चपला काढत काका दमून म्हणाले. "रविवारपर्यंत जरा खुरटे येतील. तेवढ्यावर हात फिरवून घे."