दिवसाला दहा अक्षरं

रशीदभाई पेंटर दिवसाला दहा अक्षरं लिहीत. अकरावं लिहीत नसत. काना, मात्रा, वेलांटी त्यात धरत नसत, एवढीच काय ती मेहेरबानी.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, आणि बोर्ड हवा तर रशीदभाईंच्याच हातचा, असा सगळ्यांचा हट्ट. एका गणिताच्या सरांचं नाव तर दोन दिवस अर्धंच लटकलं होतं. पोरं त्यांना त्याच अर्ध्या नावानं हाक मारायला लागली. सर भांडायला आले, तर रशीदभाई म्हणाले, "नाव तुमच्या वडलांनी लांब ठेवलं. माझी काय गलती?"

दहा अक्षरं संपली की उजव्या हाताला सुट्टी. चहाची बशी डाव्या हातात, शर्टाला टिचबटणं, आणि घट्ट बसलेला नळ फिरवायला शेजारचा मी. रसायनशास्त्राचा प्राध्यापक असूनही जायचो, वाटेत पुटपुटत.

तालमीतला एक पैलवान त्यांना रबरी चेंडू देऊन गेला. दाबत राहा, ताकद येईल म्हणाला. रशीदभाईंनी तो लेकीला खेळायला दिला.

"सर, ह्यो नसांचा आजार हाय, घराण्यातला. माझा बाप बी पेंटर. लोक म्हनले, हात चालवत ऱ्हा. त्यानं लई चालवला. ब्रशाचा हातच आधी गेला. मला डॉक्टर म्हनला, थकवू नका. मी न्हाई थकवत."

मला हे सगळे नखरे वाटायचे.

मग मी स्वतःचा क्लास काढला. 'विज्ञानगंगा रसायनशास्त्र वर्ग'. तेरा अक्षरं. सकाळी नऊला उद्घाटन, आणि बोर्डाचा पत्रा रशीदभाईंकडे पोचला आदल्या दुपारी. दहा अक्षरांवर ब्रश खाली. मी हातापाया पडलो, "तीनच राहिली, भाई!" शेजाऱ्याला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. शेवटची अक्षरं लिहिताना त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. मी ते पाहिलं, आणि तरी थांबा म्हटलं नाही.

सकाळी हार आणायला निघालो, तर ओट्यावर त्यांची लेक नसीम केस मोकळे सोडून बसलेली. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या. मागे रशीदभाई. तीन पेड हातात धरायचे आणि दर खेपेला एक निसटायचा.

नसीमची आई भूकंपात गेली, औशाकडच्या माहेरी. पाळण्यातली पोर तेवढी वाचली. तिच्या वेण्या रोज बाप घालतो, हे भिंतीला भिंत असून मला ठाऊक नव्हतं.

"दहावर ह्याच्यासाठीच थांबतो, सर," रशीदभाई ओशाळून हसले. "सकाळी हाताला एवढं एक काम ऱ्हातं."

मला माझी लाज वाटली. बायकोला हाक मारली, ती फणी घेऊन धावत आली. नसीमनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"न्हाई. अब्बाच घालनार."

"बेटा, उशीर व्हायलाय. वहिनी चांगल्या घालतेत."

तिनं थोडा विचार केला. मग हात मागे नेला आणि निसटलेला पेड चिमटीत पकडला. बाप दोन सांभाळत होता, तिसरा ती न बघता द्यायची, घ्यायची. वेण्या झाल्या. एक वर, एक खाली. तिनं त्या चाचपून पाहिल्या, दप्तर उचललं आणि पायरी उतरताना वळून म्हणाली,

"अब्बा, उद्यापासून तुमचे दोन. एक माझा."