तबकडीत हरवलेल्या श्वासाची बखर

श्री. उजेडास वंदन, आणि उजेडाइतकेच अंधारास, कारण दोहोंवाचून चित्र उभे राहत नाही. शके १९३१, विरोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एका चित्रपटाच्या शेवटी एक म्हातारा खिडकीशी डोळे मिटून बसला आहे. त्याच्या ओठांपुढे, खिडकीच्या काळ्या काचेवर, तांदळाच्या दाण्याएवढी फिकट वाफ उमटते, किंचित डावीकडे सरकते आणि विरते. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा उमटते. काचेचे काळेपण आणि वाफेचे फिकेपण यांत अंतर इतके थोडे, की पाहणाराने खोलीतला दिवा मालविला नाही तर दिसत नाही. पुढे जे घडले ते सारे या वाफेवरून घडले, म्हणोन तिचे माप प्रथम लिहिले.

विलायतेच्या नैर्ऋत्य टोकास, समुद्राकाठी, एक राज्य होते. राज्य म्हणजे भूमी नव्हे. मोर्वेनाबाई नामे एका बाईने काढिलेले एक चित्र, म्हणजे वर सांगितलेला चित्रपट, तेच राज्य आणि तीच त्याची सत्ता. बाईंचे वय चाळिशीचे, बोलणे कमी, राहणे एका बंद दुकानाच्या माडीवर एकटीचे. फौज पाच माणसांची, त्यांतील एकजण स्वयंपाकही करी. कॅमेरा उसना. दिवे दोन, त्यांपैकी एक भरवशाचा नव्हे. कथा ऐसी की, एका म्हाताऱ्याचा भाऊ होडी घेऊन समुद्रात गेला तो आला नाही, आणि म्हातारा खिडकीशी बसून वाट पाहतो आणि शेवटी डोळे मिटतो. इतकीच कथा. या म्हाताऱ्याच्या कामास नट आणावा तर ते सामर्थ्य राज्यास नव्हते, म्हणोन त्याच किनाऱ्यावरील एनॉकबाबा, ज्यांनी जन्मभर मासेमारी केली आणि आता होडी विकून स्वस्थ बसले होते, त्यांस बाईंनी विनंती केली. बाबा बोलिले, "येतो. पण त्यात मी मरायचं नाही." बाईंनी कारण पुसिले. तेव्हां बाबा म्हणाले, "आमची बायको, लव्हडे, वृद्धाश्रमात असते. तिला काल काय झालं ते आठवत नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं धरते. मी पडद्यावर मेलो, की तिच्यापुरता मेलोच." मग बाई बोलिल्या, "नाही मरणार, बाबा. कोट घालून बसायचं आणि डोळे मिटायचे, एवढंच." ऐसे वचन जाहले. वचनास साक्षीदार समुद्राखेरीज कोणी नव्हते.

मग कडक थंडीत चित्रण केले. शेकोटी पेटवावी तर तिचा प्रकाश काचेवर हलतो, म्हणोन पेटविली नाही, आणि खोली इतकी गारठली की बाबांचा श्वास दिसता जाहला. हे कोणी योजिले नव्हते. बाबांच्या अंगावर जाड कोट, छाती हलते ते दिसेना. जिवंतपणाची खूण म्हणोन ती वाफच काय ती राहिली. पुढे गावच्या सभागृहात मोठ्या कापडावर चित्र दाखविले, आणि लव्हडेबाईंस चाकाच्या खुर्चीत बसवून पुढच्या रांगेत आणिले. शेवटचे दृश्य आले आणि सर्व सभा स्तब्ध जाहली, आणि त्या स्तब्धतेत लव्हडेबाई मोठ्याने बोलिल्या, "श्वास चालू आहे त्यांचा. कुणी उठवू नका." तेव्हां सगळे हसले, आणि बाबांनी टोपी काढून टोपीनेच आपले डोळे पुसले.

त्यानंतर चित्र थोड्या शहरांत थोडे दिवस चालले. जेथे जेथे बाई गेल्या तेथे खेळ संपल्यावर कोणी तरी उभे राहून विचारी, म्हातारा मेला की जिवंत? आणि बाई उत्तर देत, "तुम्ही ठरवा." पहिल्या वेळी हे उत्तर त्यांनी भीतीने दिले, कारण चित्र जोडताना अनिश्चित शेवट थोर वाटू लागला होता आणि वचनही आठवत होते, आणि दोहोंतून एक निवडणे त्यांस झाले नाही. परंतु विद्वान मंडळी या उत्तरावर संतुष्ट जाहली, आणि मग न बोलणे हेच राज्याचे धोरण झाले. माडीवर एकट्या असतानाही बाईंनी त्या प्रश्नाचे उत्तर स्वतःस दिले नाही.

मग डेस्मंडपंत आले. हे चित्रांचे व्यापारी. रुपेरी तबकडी, जीस डीव्हीडी म्हणतात, तिची टांकसाळही त्यांचीच. चित्र थोड्या ठिकाणी लागले होते, तेव्हां जगास ते दिसणार ते तबकडीवरच दिसणार, हे बाई जाणून होत्या, आणि करार केला. मार्गशीर्षात तबकडी निघाली. वेष्टनावर लाटा, आतील कागद पातळ. चित्र पाहावे तर काळे होते ते करडे झाले. माणूस वळला की त्याच्या कडांस फणीचे दात फुटत. समुद्राचा आवाज इतका खाली की शेजारच्या घरातले बोलणे अधिक स्पष्ट. एका समीक्षकशास्त्रींनी नियतकालिकात परीक्षण लिहिले: छपाई सुमार, ध्वनी क्षीण, परंतु अखेरीस म्हातारा ज्या शांततेने प्राण सोडतो, तैसे मरण पडद्यावर आजवर पाहिले नाही. बाईंनी हे वाक्य वाचले, मग पुन्हा वाचले. प्राण सोडतो ऐसे आजवर कोणी छापून लिहिले नव्हते. त्यांस वाटले, यांनी ठरविले, ठरवू द्यावे. आणि स्तुती होती, आणि माडीवर दुसरे कोणी बोलावयास नव्हते, म्हणोन कात्रण आरशाच्या कडेस खोचून ठेविले.

पौषात एनॉकबाबांचा फोन आला. म्हणाले, "पोरी, तू मला मारलंस?"

"नाही बाबा. कोण म्हणतं?"

"लव्हडे म्हणते. आणि मीही पाहिलं. नुसता बसलोय, बर्फातल्या माशासारखा."

"चित्र तेच आहे, बाबा. मी काही बदललेलं नाही."

"मग माझा श्वास कुठाय?"

बाबा पुढे म्हणाले, "रोज ती चकती मागते. नाही लावली, तर चाकाची खुर्ची रेटत मला शोधत खोल्याखोल्यांतून फिरते. लावली, तर शेवटी रडते. दुसऱ्या दिवशी विसरते आणि पुन्हा नव्यानं रडते. तू म्हणाली होतीस, मरणार नाही." मग फोन ठेविला. बाईंनी खोलीतला दिवा मालविला, तबकडी लाविली आणि पडद्यापाशी गुडघ्यांवर बसून शेवटचे दृश्य पाहिले. काच होती. ओठ होते. मध्ये काही नव्हते.

तेव्हां बाई टांकसाळीत गेल्या. तेथे हेस्टरबाई नामे तपासनीस होत्या. त्यांनी मूळ चित्र एका पडद्यावर आणि तबकडी दुसऱ्यावर ऐसी शेजारी शेजारी लाविली. एकीकडे वाफ उमटली, सरकली, विरली. दुसरीकडे काच स्वच्छ. हेस्टरबाईंनी खुलासा केला की, तबकडीत जागा थोडी, म्हणोन या टांकसाळीची रीत ऐसी की छापण्यापूर्वी प्रत्येक चित्र यंत्रातून धुऊन घ्यावे. यंत्र एका चौकटीची पुढील चौकटीशी तुलना करिते. जे जागचे हलत नाही ते खरे मानिते, आणि जे फिके असोन हलते ते धूळ मानून पुसते. धूळ गेली की चित्र थोड्या जागेत मावते. "सूर्यप्रकाशातल्या चित्रांना याचा काही त्रास होत नाही," त्या म्हणाल्या, "तुमचं अंधारात काढलेलं, त्यातून दाणेदार, म्हणून जोरात धुतलं." बाईंनी पुसिले, "जागा इतकी कमी का पडली? चित्र तर लहान आहे." हेस्टरबाईंनी दाराकडे पाहिले आणि हळू सांगितले, "डेस्मंडपंतांची मुलाखत आहे ना तबकडीत पाठीमागं. चित्राच्या निम्म्याइतकी तरी लांब आहे."

मग बाई डेस्मंडपंतांपुढे गेल्या. पंतांनी बसावयास दिले, चहा मागविला, आणि मुलाखत काढावी हे ऐकताच चहा विसरले. म्हणाले, "ती अभ्यासकांसाठी आहे."

"कोणत्या अभ्यासकांसाठी?"

"पुढं होतील ते."

"पंत, त्याचा श्वास गेला आहे."

"बाई, प्रत्येक चित्रकर्ता येतो आणि म्हणतो, काळं करडं झालं, निळं हिरवं झालं. दिसण्यातल्या दोषासाठी आम्ही तबकडी परत घेत नाही. कथा बदलली असेल तरच घेतो. तुमची कथा बदलली काय?"

"बदलली."

"म्हणजे आधी तो जिवंत होता?"

बाईंनी चहाचा पेला उचलून ओठांशी धरिला. पंत हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले, "पाहा. तुम्हीच गावोगाव सांगत फिरलात, बघणाऱ्यानं ठरवावं. बघणाऱ्यांनी ठरवलं. मेला. आता माझ्यावर का रागावता?" आणि पुढे बोलिले, "पुढच्या आठवड्यात ही तबकडी दाखवायची सभा आहे. शास्त्रीबोवा येणार आहेत. त्यांच्यासमोर, चार माणसांत, सांगा की तो जिवंत आहे. सांगितलंत, की कथेचा दोष ठरला. मुलाखत काढतो, न धुता छापतो, जुन्या तबकड्या परत बोलावतो. शब्द देतो. पण एवढं लक्षात घ्या, की शास्त्रीबोवांनी जे उचलून धरलं ते मरण. ते नाही म्हटलंत, तर तुमच्या पुढच्या चित्राला कोण विचारणार?" हे खरे होते. बाईंनी चहा संपविला, कारण समोर होता, आणि उठल्या.

तेथून त्या वृद्धाश्रमात गेल्या. दुपारची वेळ, मोठ्या खोलीत खुर्च्या भिंतीशी मांडिल्या, आणि प्रत्येक खुर्चीत एक माणूस, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. लव्हडेबाई टीव्हीसमोर मांडीवर शाल घेऊन बसल्या होत्या, आणि शेजारी एनॉकबाबा, टोपी गुडघ्यावर. चित्र शेवटास आले होते. बाबांनी मोर्वेनाबाईंस पाहिले, पण उठले नाहीत, कारण लव्हडेबाईंनी त्यांची बाही धरिली होती. पडद्यावर म्हाताऱ्याने डोळे मिटले. लव्हडेबाई पुढे वाकल्या आणि त्याच्या ओठांशी पाहत राहिल्या. पुष्कळ वेळ पाहिले. मग मागे टेकल्या आणि शेजाऱ्यास म्हणाल्या, "गेले हो माझे धनी."

बाबा म्हणाले, "मी आहे ना इथं."

"तुम्ही भले आहात," लव्हडेबाई बोलिल्या, "रोज येऊन बसता." मग डोळे पुसून, मांडीवरच्या बशीतले अर्धे बिस्कीट त्यांच्या हाती दिले आणि पुसिले, "तुमचंही कोणी गेलं काय?"

बाबांनी बिस्कीट घेतले. म्हणाले, "गेलं नाही. आहे. पण जरा लांब असते."

"जाऊन यावं मग."

"रोज जातो," ऐसे बाबा बोलिले, आणि बिस्कीट खाल्ले.

मोर्वेनाबाई दाराशी उभ्या होत्या. बाबा त्यांस पोहोचवावयास फाटकापर्यंत आले, आणि रागावले नाहीत, हे अधिक जड गेले. थंडी होती, बोलताना दोघांच्या तोंडून वाफ निघत होती. बाबांनी ती पाहिली आणि म्हणाले, "इथं दिसतोय बघ." मग म्हणाले, "तुला एक विचारू? त्या दिवशी बसवलंस मला खिडकीशी, तेव्हा तुझ्या मनात मी कोण होतो? जिवंत की मेलेला?" बाई म्हणाल्या, "मी ठरवलं नव्हतं, बाबा." बाबा बोलिले, "मी ठरवलं होतं. पण मला कोणी विचारत नाही." आणि टोपी घालून आत गेले.

सभेच्या दिवशी बाईंनी आरशाच्या कडेचे कात्रण काढिले, वाचिले नाही, खिशात ठेविले. सभेस खुर्च्या पुष्कळ आणि माणसे थोडी. डेस्मंडपंत पहिल्या रांगेत, हेस्टरबाई शेवटच्या. चित्र तबकडीवरूनच दाखविले, करडे आणि बारीक आवाजाचे. संपल्यावर शास्त्रीबोवा उभे राहिले आणि त्या मरणावर बराच वेळ बोलिले, आणि चांगले बोलिले. बाईंस वाटले, आपण केलेल्या कशावरही कोणी इतके प्रेमाने बोलले नाही, आणि जे आपण केले नाही त्यावर हे बोलत आहेत. शेवटी शास्त्रीबोवा आदराने म्हणाले, "तेव्हा बाई, तो मेला असं आम्ही समजून चालतो. आपण नेहमीप्रमाणे, तुम्ही ठरवा, म्हणाल, तरी विचारतो." सभा थोडी हसली. डेस्मंडपंत मागे टेकले.

या राज्याचे वर्तमान म्हणावे तर इतकेच. सेना पांगली, कॅमेरा ज्याचा त्यास परत गेला, आणि एका यंत्राने फिके आणि हलते ते धूळ मानिले, आणि ते यंत्राचे मत खोडावयास एकच माणूस समर्थ होते, आणि ते आजवर बोलले नव्हते. मोर्वेनाबाई उभ्या राहिल्या. शास्त्रीबोवांकडे पाहिले, पंतांकडे पाहिले नाही, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने बोलिल्या, "तो मेलेला नाही. श्वास चालू आहे त्याचा."