स्टुट्झमन यांचे तीन निरोप

जगात बेघर माणसे दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना घर परवडत नाही. आणि दुसरी, ज्यांना बेघर होणे परवडते. पहिल्या प्रकाराबद्दल आमच्या गावात फारशी चर्चा होत नाही. दुसऱ्या प्रकाराला आम्ही केक कापून निरोप देतो.

आमचे गाव अमेरिकेतल्या उत्तर इंडियानातले. फिरती घरे आमच्याच कारखान्यांत तयार होतात. (फिरते घर म्हणजे बसएवढी मोटार. तिच्यात पलंग, चूल, संडास आणि नवराबायको एकमेकांपासून हातभर अंतरावर बसवलेले असतात.) माझ्या समोर राहणारे डेल्बर्ट स्टुट्झमन यांनी उभी हयात या घरांना खिडक्या बसवण्यात घालवली. खिडकी बाहेरच्या बाजूने बसवतात, त्यामुळे तिच्यातून बाहेर काय दिसते हे पाहण्याचा योग त्यांना आला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक फिरते घर घेतले आणि जाहीर केले, की आता राहते घर विकून आपण कायमचे रस्त्यावर येणार. हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारले असते तर शेजाऱ्यांनी वर्गणी काढली असती. डेल्बर्टचे आम्ही अभिनंदन केले.

त्यांच्या पत्नी आर्डिथबाई यांनी सव्वीस वर्षे शाळेची पिवळी बस चालवली. त्यांना रस्त्यावर येण्याची हौस नव्हती. रस्ता त्यांनी भरपूर पाहिला होता. त्यांना फक्त देशाच्या पार पश्चिम टोकाला, ऑरेगनला जायचे होते. तिथे समुद्रकाठी त्यांची थोरली बहीण नेल्डा राहते आणि तिची नजर हळूहळू जाते आहे. डॉक्टरांनी वर्षभराची हमी दिली होती, तीही घासाघीस केल्यावर. नेल्डाबाईंनी फोनवर सांगितले, "आर्डी, मला दिसतंय तोवर ये. तू आता माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेस म्हणे. एवढं सुख तरी डोळ्यांनी बघू दे."

आर्डिथबाई म्हणाल्या, मी विमानाने जाऊन येते. डेल्बर्ट म्हणाले, घराला चाकं असताना विमान कशाला? तर्काच्या दृष्टीने या उत्तरात काहीही दोष नव्हता. तयारी सुरू झाली.

घर रिकामे करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत अशी, की प्रत्येक वस्तू तीनपैकी एका ढिगात टाकायची: न्यायचं, द्यायचं आणि बघू. पहिल्या महिन्याअखेरची स्थिती पुढीलप्रमाणे होती. न्यायचं: एक खोके. द्यायचं: आर्डिथबाईंच्या मावशीने दिलेला एक दिवा. बघू: उरलेले घर. या तिसऱ्या ढिगात नाताळचे घडीचे झाड, त्याच्या आधीचे नाताळचे घडीचे झाड, डेल्बर्टचे बोलिंगचे चषक (सर्व तिसऱ्या क्रमांकाचे), कुठल्या तरी कुलपांच्या किल्ल्या आणि कुठल्या तरी किल्ल्यांची कुलपे यांचा समावेश होता. लग्नात मिळालेला बारा जणांचा चिनीमातीचा संच मुलीला देऊ केला. मुलीने विचारले, डिशवॉशरमध्ये चालतो का? आर्डिथबाईंचा स्वभाव खरे बोलण्याचा आहे. संच बघूमध्ये गेला.

शेवटी बघूसाठी गावाबाहेर एक गोदाम भाड्याने घेतले. तिथली हवा उन्हाळ्यात थंड आणि थंडीत उबदार राखली जाते. वस्तूंचे पुनर्वसन झाले. माणसांचे तेवढे बाकी राहिले. शिवाय सामान हलल्यावर घर असे काही मोकळे आणि हवेशीर दिसू लागले, की असे घर विकणारा माणूस मूर्खच असला पाहिजे, हे डेल्बर्टच्या प्रथमच लक्षात आले. विक्रीची पाटी वळचणीला टेकून ठेवण्यात आली.

दरम्यान निरोप चालू होते. पहिला निरोप एप्रिलमध्ये झाला. कॉलनीच्या हॉलमध्ये बटाट्याच्या गोळ्यांचे कॅसरोल (म्हणजे चीज घालून भट्टीत भाजलेला, निरोपाला हमखास येणारा पदार्थ) झाले, भाषणे झाली, आम्ही एक विजेरी भेट दिली. त्यानंतर कळले की रॉकी पर्वतात अजून बर्फ आहे. दुसरा निरोप जुलैत झाला. कॅसरोल, भाषणे, आणखी एक विजेरी. मग पश्चिमेकडे जंगले पेटली. तिसरा ऑक्टोबरात. या वेळी कुणी भेट आणली नाही. कॅसरोल मात्र निष्ठेने आले. पण डेल्बर्टनी नुकतेच टायर बदलले होते आणि त्यांच्या मते नव्या टायरांना आधी काही दिवस उभे राहण्याची सवय व्हावी लागते.

दर निरोपानंतर नेल्डाबाईंचा फोन येई. एप्रिलमध्ये त्यांनी कळवले की टीव्हीवरची खालची अक्षरे आता वाचता येत नाहीत. जुलैत म्हणाल्या, पोस्टमन टोपीवरून ओळखते. ऑक्टोबरात म्हणाल्या, टोपी दिसते, आत कोण असतं ते त्यालाच माहीत. आर्डिथबाई हे सगळे ऐकून फोन ठेवत आणि डेल्बर्टना विचारत, कधी? डेल्बर्ट म्हणत, एवढं झालं की निघूच.

'एवढं' म्हणजे सराव. जाणकारांचे मत असे, की फिरत्या घरात कायमचे राहण्यापूर्वी ते स्वतःच्या दारात उभे करून त्यात राहून पाहावे. त्यानुसार स्टुट्झमन दांपत्य आपल्याच अंगणात मुक्कामाला गेले. मुक्काम आदर्श होता. अंघोळ, कपडे धुणे, टीव्ही, बर्फ आणि भांडण एवढ्यासाठीच घरात जावे लागे. (फिरत्या घरात भांडण होत नाही असे नाही, पाय आपटत निघून जायला जागा नसते.)

पण आमच्या कॉलनीचा एक नियम आहे. फिरते घर दारापुढे सलग तीन दिवसांहून जास्त उभे ठेवता येत नाही, ते हलवावे लागते. नियमात 'हलवणे' एवढाच शब्द आहे. किती आणि कुठे, ते लिहिलेले नाही. कॉलनीचे अध्यक्ष ग्लेंडन प्रुइट हे निवृत्त दंतवैद्य. हलणारी वस्तू हलतेच आहे याची खात्री करण्यात त्यांचे आयुष्य गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते हटकून येत.

मग डेल्बर्ट प्रस्थानाचा संपूर्ण विधी करत. गाडीभोवती प्रदक्षिणा, पायरी आत सारणे, पाण्याची नळी सोडवणे, वीज काढणे, प्रत्येक कपाटाचे दार ओढून पाहणे, आर्डिथबाईंना दिवे पाहायला मागे उभे करणे. विधी आटोपला की मोठ्या दुकानाच्या पार्किंगपर्यंत जायचे, कॉफी प्यायची आणि परत यायचे. माझ्या हिशेबाने ते अशा रीतीने ऑरेगनच्या वाटेवरच्या आयोवापर्यंत पोहोचले होते. सरळ गेले नव्हते, इतकेच.

स्टिअरिंगचे चाक कायम डेल्बर्टच्या हाती. आर्डिथबाईंनी एकदा ते मागितले. डेल्बर्ट म्हणाले, "बस वेगळी आणि घर वेगळं. बसमध्ये फुटण्यासारखं काही नसतं."

"साठ पोरं होती, डेल," आर्डिथबाई म्हणाल्या. "एकही फुटलं नाही."

नोव्हेंबरातल्या एका तिसऱ्या दिवशी प्रुइट आले तेव्हा मी माझ्या अंगणात पाने गोळा करत होतो. विधी पूर्ण झाला होता. आर्डिथबाई आत बसल्या होत्या. डेल्बर्ट चाकामागे बसणार, एवढ्यात त्यांना वॉफल भाजायच्या यंत्राची आठवण झाली. कॉफीला जाताना वॉफलचे यंत्र कशाला, असा प्रश्न सामान्य माणसाला पडेल. पण डेल्बर्टचे म्हणणे, सराव करायचा तर पूर्ण करावा. "एकच मिनिट," असे म्हणून ते तळघरात उतरले.

एक मिनिट झाले. बरीच मिनिटे झाली. प्रुइट यांनी घड्याळ पाहिले आणि काचेवर टकटक केली. "आर्डिथ, हलवायला पाहिजे."

आर्डिथबाईंनी काच खाली केली. "किती?"

प्रुइट हे नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांनी विचार केला. "ते नियमात नाही."

"बरं," आर्डिथबाई म्हणाल्या आणि चाकामागच्या सीटवर सरकल्या. पट्टा लावला. डावा आरसा पाहिला, उजवा आरसा पाहिला, मग सवयीने मान वर करून मधल्या आरशात पोरे बसली का तेही पाहिले. गाडी अशी काही अलगद निघाली, की कपाटाचे एकही दार वाजले नाही. कोपऱ्यावर डावीकडे वळले की दुकान येते आणि उजवीकडे वळले की महामार्ग. उजवा दिवा लुकलुकला.

डेल्बर्ट यंत्र घेऊन वर आले तेव्हा दारात फक्त तेलाचा डाग होता. प्रुइट यांनी त्यांना समाधानाने सांगितले, की नियमाचे पालन झाले आहे. "पार्किंगला गेली असेल," डेल्बर्ट म्हणाले, आणि पायरीवर बसून राहिले. मी त्यांना कॉफी नेऊन दिली. अंधार पडता पडता फोन आला, आयोवाहून.

"डेल, सगळं ठीक आहे," आर्डिथबाई म्हणाल्या. "खिडक्या छान बसवल्या आहेत रे. वारा येत नाही."

"मला सोडून गेलीस तू," डेल्बर्ट म्हणाले.

"सोडून नाही. न्यायचं होतं तुला. पण तू बघूमध्ये होतास."

चौथ्या दिवशी त्या समुद्रकाठी पोहोचल्या. नेल्डाबाईंनी त्यांना दंडाला धरून खिडकीपाशी उजेडात नेले, हनुवटी धरून तोंड इकडे फिरवले, तिकडे फिरवले, पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "लोक खोटं बोलत नव्हते."

डेल्बर्टही आता ऑरेगनला जाणार आहेत, विमानाने. एकच बॅग न्यायची असल्यामुळे निवड काळजीपूर्वक करावी लागते. पाहुण्यांच्या खोलीत तीन ढीग आहेत. प्रुइट यांनी कॅसरोलबद्दल विचारणा केली आहे.

काही वाचकांना डेल्बर्टचे हसू येईल. त्यांनी अवश्य हसावे. सवडीने हसावे. त्यांनाही कुणीतरी कधीपासून 'ये' म्हणते आहे, आणि एवढे झाले की ते निघणारच आहेत. त्या माणसाला अजून नीट दिसते, याची खात्री त्यांनी करून घेतलेलीच असेल.