वाचलंस ना? मग सांग!

पद्मावतीबाईंना विमानतळावर न्यायला आलेली टॅक्सी वाचनालयाच्या वळणापर्यंत आली, थांबली, आणि तशीच उलटी मागे गेली. बाई हात हलवत राहिल्या. टॅक्सीवाल्याने तो हात नक्कीच पाहिला असणार, कारण हात वर गेला तसा मागे जाण्याचा वेग वाढला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. मोपाहून नागपूरचं विमान बारा वीसला, आणि अकरा वीसच्या आत पोचलं नाही तर काउंटर बंद, असं भाचीने, सेजलने, तीनदा बजावलं होतं. टॅक्सीही तिनेच पणजीत बसून फोनवर ठरवली होती. बाईंनी तिला फोन लावला.

"सेजल, कोणाची गाडी ठरवलंस गो?"

"गोकुळदास म्हणून आहेत, तुमच्याच गावचे. का, आले नाहीत?"

"इलो आणि गेलो. कोणाक न्हेवचा ता सांगूक नाय मां तू त्याका?"

"नाही. वाचनालयासमोर या, एवढंच सांगितलं. का गं, मावशी?"

बाईंनी फोन ठेवून दिला. गोकुळदासाकडे वाचनालयाचं किल्ल्यांवरचं एक जाडजूड पुस्तक दोन वर्षांपासून पडून होतं.

पार्से गावच्या या वाचनालयात उशिराबद्दल दंड घेत नसत. घेतला असता तर लोकांनी आनंदाने भरला असता. ग्रंथपाल म्हणून बाईंचा नियम वेगळा होता. पुस्तक परत आलं की त्या ते टेबलावर पालथं ठेवत, चष्मा पुसत आणि म्हणत, "वाचलंस ना? मग सांग." की लागलीच प्रकरणवार विचारणा सुरू. नायिकेचं माहेर कुठलं, दिवाण कोणाला फितूर झाला, लेखकाला शेवटी म्हणायचंय काय. उत्तर अडलं की पुस्तक पुन्हा वाचकाच्या काखेत. बावीस वर्षांत गावात यामुळे उघड दोन तट पडले होते. एक वाचून झालेल्यांचा आणि दुसरा बाई दिसल्या की रस्ता बदलणाऱ्यांचा. पहिल्या तटात मोजून सहा माणसं होती.

आणि याच पद्धतीवर बाईंनी लिहिलेला निबंध नागपूरच्या ग्रंथपाल परिषदेने निवडला होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आजवर बाईंचं मत कोणी पेडणे तालुक्याच्या पलीकडे ऐकलं नव्हतं. आयुष्यात एकदा तरी मोठ्या सभागृहात उभं राहून बोलावं, असं त्यांना फार वाटत होतं. त्यासाठी त्यांनी नवी साडी घेतली होती आणि आरशासमोर निबंध नऊ वेळा वाचला होता.

त्यांनी यशवंताला फोन लावला. त्याच्याकडे चारचाकी होती. रिंग पुरती वाजली आणि बंद झाली. पुन्हा लावला, तेव्हा फोनच बंद. त्याच्याकडे वाचनालयाचं पाणी-व्यवस्थापनावरचं पुस्तक होतं. मग त्या बॅग ओढत शेजारच्या शालिनीच्या अंगणात शिरल्या. स्कूटर दारातच होती. आतून नुकत्याच दिलेल्या फोडणीचा वास येत होता.

"शालिनी! गो शालिनी!"

आतला कलथा थांबला. मग बारीक आवाज काढून कोणीतरी म्हणालं, "शालिनी घराक नाय!"

तो आवाज शालिनीचाच होता. बाईंना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. साडेदहा वाजले होते. आपण मेलो तर खांदा द्यायला तरी हे लोक येतील का, की तिथेही पुस्तकाचं विचारीन म्हणून लपून बसतील, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात वळणावर गावातल्याच सगुणचं पिकअप दिसलं, मागे नारळ भरलेले. सगुणने बाईंना पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. पण त्याचं नशीब गोकुळदासासारखं नव्हतं. मागून चिऱ्यांचा ट्रक येऊन चिकटला होता आणि रस्ता अरुंद. सगुण घाईघाईने खिडकीची काच वर करू लागला. ती काच हाताने फिरवायची होती. ती अर्ध्यावर येईस्तोवर बाई पलीकडचं दार उघडून, बॅग मांडीवर घेऊन आत बसल्यासुद्धा.

"मोपाक चल."

"बाई, माजे नारळ म्हापशाच्या बाजारात..."

"नारळ संध्याकाळपर्यंत टिकतत. माजा विमान टिकूचा नाय. चल!"

मागून ट्रकने भोंगा वाजवला. सगुण निघाला. तो रस्त्याकडे बघत होता आणि बाई घड्याळाकडे. पहिली दहा मिनिटं अशीच गेली. पेडण्याच्या बाजारात एका बसने रस्ता अडवला, तिथे सहा मिनिटं गेली. पिकअप पुन्हा हललं, पण नारळ सांभाळत, बैलगाडीच्या बेताने. अकराला दोन कमी.

मग त्यांना समोर काचेखाली प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी दिसलं. कादंबरी होती ती, वाचनालयाचा शिक्का असलेली. चौदा महिन्यांपूर्वी सगुणने नेलेली.

त्या वेळी बाईंच्या मनात काही डाव नव्हता. फक्त सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "वाचलंस ना? मग सांग. पयल्या प्रकरणात काय जाता?"

पिकअपला एकदम गचका बसला. काटा वीसवरून साठवर गेला.

"पयल्या प्रकरणात... लगीन."

"कोणाचा?"

"जी बाई आसा मां, तिचा."

"आणि लग्नाक कोण येणा नाय?"

सत्तर. पेडणे मागे पडलं. बाईंनी काट्याकडे पाहिलं, सगुणच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं, आणि हिशेब त्यांच्या ध्यानात आला. त्या सावरून बसल्या.

"बरा, ता ऱ्हवांदे. थोरल्या जावेचा स्वभाव कसो आसा?"

हायवे लागला. मागे नारळ एकमेकांवर आदळत होते. एक उडून रस्त्यावर पडला, तरी सगुणने वळून पाहिलं नाही.

"स्वभाव... रागीट!"

"चूक. दुसऱ्या प्रकरणात पत्र कोणाचा येता?"

"बाई, तुमच्या पायां पडतंय, रस्तो बघूंदे!"

"रस्तो बघ आणि उत्तर दी."

विमानतळाकडे चढणारा रस्ता पिकअपने असा काढला, की बाईंना पाचवं प्रकरण विचारायला वेळच मिळाला नाही. अकरा वाजून चौदा मिनिटांनी सगुणने बॅग उतरवून दिली आणि तो गाडीला टेकून धापा टाकत राहिला. बाईंना त्याची दया आली. "उपकार झाले रे," त्या म्हणाल्या. "पुस्तक ऱ्हवांदे तुजकडे."

काउंटर उघडा होता. तपासणी झाली. बाई गेटसमोरच्या खुर्चीत टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना हसू आलं. जमलं होतं! एवढ्यात फोन वाजला. परिषदेचे कार्यवाह होते.

"मॅडम, निघालात ना? तुमचा निबंध इतका आवडलाय लोकांना, की आम्ही कार्यक्रमात थोडा बदल केला. भाषण दहाच मिनिटं, आणि प्रश्नोत्तरं चाळीस मिनिटं."

"चाळीस?"

"हो! आमचे एक निवृत्त प्राध्यापक तुमच्या संदर्भसूचीतली अकराही पुस्तकं पुन्हा वाचून आलेत. एकेका पुस्तकावर तुमच्याशी सविस्तर बोलायचंय म्हणाले."

त्या अकरांपैकी त्यांनी चार वाचली होती. उरलेल्या सातांची नावं त्यांनी त्या चारांच्या शेवटच्या पानांवरून उतरवून घेतली होती.

कार्यवाहांचा फोन त्यांनी कसाबसा संपवला. मग त्यांनी सगुणला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"सगुण, खंय आसंस?"

"हयच, बाई, रस्त्याच्या कडेक. दम खाऊक वायच थांबलंय. पुस्तक वाचतंय. थोरली जाव बरी आसा हां, मी उगाच रागीट म्हटलंय."

"माका घराक न्हे."

"कित्याक?"

"ते माका प्रश्न विचारतले."

मग सगुणने हळूच विचारलं, "किती वाचूक नाय, बाई?"

"सात."

"मगे कठीण आसा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थट्टा अजिबात नव्हती. "माजा एकच होता, तरी वर्षभर मी त्या रस्त्यान येऊक नाय."

त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला. गेटवर रांग लागली, सरली. मग ध्वनिक्षेपकावरून नाव घुमलं, "प्रवासी पद्मावती पार्सेकर." आजूबाजूचे लोक इकडेतिकडे बघू लागले, तशा बाईही बघू लागल्या. दुसऱ्यांदा नाव आलं, तेव्हा त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. तिसऱ्यांदा मात्र गेटवरची मुलगी स्वतःच चालत समोर येऊन उभी राहिली.

"पद्मावती मॅडम ना? इथेच तर बसलात! ऐकू नाही आलं?"

"नाही गं," बाई पुटपुटल्या. "वाचत होते."

"हो?" मुलीने पास फाडता फाडता कौतुकाने, अगदी सहज विचारलं, "काय वाचत होतात?"

बाईंनी तिच्या हातातला तुकडा घेतला आणि एक शब्दही न बोलता त्या विमानाकडे भराभर चालू लागल्या.