निळ्या फुलांचा डिनर सेट

मनुष्य नश्वर असला तरी त्याने जपून ठेवलेल्या वस्तू नश्वर नसतात, हे सर्व प्राचीन संस्कृतींना मान्य होते. लंडनमधल्या ईलिंगच्या मधुमतीबाईंनाही ते मान्य होते.

त्यांच्या माळ्यावरील साठा पुढीलप्रमाणे: आइस्क्रीमचे रिकामे डबे एकेचाळीस, झाकणे सव्वीस (पैकी या डब्यांचे एकही नाही), ओटीत आलेले आणि पुढच्या ओटीत जाण्याच्या प्रतीक्षेतले ब्लाउजपीस, नावे घातलेली स्टीलची भांडी, बंद पडलेला, पण तसा चांगला मिक्सर, आणि निळ्या फुलांचा छत्तीस नगांचा डिनर सेट. हा सेट १९९४ साली पाहुण्यांसाठी घेतला होता. तेव्हापासून पाहुणे पुष्कळ आले, पण सेट काढावा असे कोणी आले नाहीत. सगळे कागदी प्लेटांत जेवून गेले.

माळ्यावर खोली बांधायची असल्याने तो सोमवारपर्यंत रिकामा करून सामान चॅरिटी शॉपला द्यावे, असा ठराव सूनबाई आश्लेषाने एकमताने (स्वतःच्या) मंजूर केला. मुलगा परीक्षित तटस्थ राहिला (त्याला त्याच घरात राहायचे होते). मधुमतीबाईंनी सेटसाठी अन्नत्यागाची धमकी दिली. ती दुपारच्या चहापर्यंत टिकली.

साठवण्याचे शेवटी काय होते हे सासूबाईंनी डोळ्यांनी पाहावे, म्हणून आश्लेषा त्यांना शनिवारी म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे इजिप्तच्या एका फराओच्या थडग्यातला खजिना मांडला होता. मोहोरबंद रांजण, घड्या घातलेली वस्त्रे, ढीगभर काठ्या. मधुमतीबाईंची कळी खुलली.

"अगं, भांड्यांवर नावंसुद्धा घातलीयेत! यानं तीन हजार वर्षं ठेवलं तर ट्रेझर, आणि मी तीस वर्षं ठेवलं तर क्लटर?"

आश्लेषा पुढच्या कपाटाकडे वळली. मोहीम फसली होती.

शेवटच्या कपाटात एक देखणा पांढरा पेला होता. मधुमतीबाई त्याच्यापाशी बराच वेळ थांबल्या.

"यातून तो कधी प्यायला गं?"

आश्लेषाने पाटी वाचली. "नाही आई. मेल्यानंतरसाठी ठेवला होता."

"आणि नंतर?"

"नंतर काय, तसाच सापडला."

"अगंबाई, बिचारा!" असे म्हणताना त्यांना खरेच वाईट वाटले. घरी येताच त्यांनी माळ्यावरून एक खोके आपणहून खाली काढवले. (कुटुंबाच्या इतिहासात अशी नोंद दुसरी नाही.)

रविवारी सकाळी टेबलावर निळ्या फुलांच्या बश्यांत पोहे आले. नात मायरा दचकली. "आजी, आज कोण येणार आहे? कोणी इम्पॉर्टंट?"

"आलेत की. बस, गार होतील."

परीक्षितने दोनदा घेतले. आश्लेषाने बशी स्वतः, हाताने, हळूच धुतली, आणि सेट स्वयंपाकघरात राहील असा दुसरा ठराव मंजूर केला. सेटचे खोके मात्र मधुमतीबाईंनी नीट चिकटवून आपल्या पलंगाखाली सरकवले. खोके चांगले होते.

वाचकहो, हसू नका. त्यांचे खोके निदान रिकामे झाले.