ताईला आणायची गाडी

ताईचं पत्र येऊन वीस दिवस झाले तरी निवृत्त ग्रंथपालांनी उत्तर धाडलं नव्हतं. पत्र साधंच होतं. "तीन आठवड्यांनी डोळ्याचं ऑपरेशन आहे; ते झालं की त्या शनिवारी मला घरी सोडतील. धक्के बसता कामा नयेत, म्हणून बसने जाऊ नका म्हणतात. तू गाडी घेऊन येशील का? हो की नाही, तेवढं कळव."

हो म्हणावं, तर गाडीच धक्के देत होती. नाही म्हणावं, तर ताई एकच होती.

गाडी बावीस वर्षांची, आपोआप गिअर बदलणारी, ग्रंथपालांकडे वर्षापूर्वी आलेली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती थबके, मन बदलून मागे येई आणि मग पाठीत रट्टा बसावा तशी पुढे उसळे. ग्रंथपालांनी प्रत्येक धक्का तारीख, वेळ आणि हवामानासह वहीत नोंदवला होता.

"काका, दोनशे चौदा?" गॅरेजमधल्या मिस्त्रीने वही मिटली.

"त्यात काही खड्डेही असतील," ग्रंथपाल प्रामाणिकपणे म्हणाले.

मिस्त्रीने गिअरचं तेल पाहिलं. ते करपलं होतं, म्हणून बदललं. स्वतः चक्कर मारून आला. गाडी लोण्यासारखी चालली. ग्रंथपाल घरी निघाले आणि पहिल्याच कोपऱ्यावर धक्का. मग वायरी तपासल्या, एक सेन्सर बदलला. पुन्हा मिस्त्रीच्या हातात गाडी गुणी, ग्रंथपालांच्या हातात द्वाड. शेवटी गिअरबॉक्स उतरवायची भाषा सुरू झाली, म्हणजे पंधरा दिवस. शनिवार परवावर आला होता.

"तिचा माझ्यावर राग असेल का हो?" ग्रंथपालांनी हळूच विचारलं.

"काका, मशीन आहे ती."

"मी चाळीस वर्षं संसार केला, मला राग यायची सोय नव्हती," बरोबर आलेली बायको म्हणाली. "तिचं काय मेलीचं!"

मिस्त्रीने थोडा विचार केला. "काका, तुम्ही पुढे चालवा. मी स्कूटरवरून मागे येतो. काकू, माझ्यामागे बसा."

दुसऱ्या चौकातच त्याने स्कूटर आडवी घातली.

"काका, ब्रेक का दाबताय?"

"मी? मी तर गाडी पळवतोय."

"आणि मागचे लाल दिवे? रस्ताभर पेटलेत!"

ग्रंथपालांनी खाली पाहिलं. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. डावा ब्रेकवर होता. अगदी अलगद, वाचता वाचता ओळीवर बोट ठेवावं तसा.

"आधीच्या गाडीत क्लच होता," ते ओशाळून म्हणाले. "इथे हा पाय रिकामा राहिला. म्हटलं, असू द्यावा ब्रेकवर. न जाणो."

"एक पाय म्हणतो चल, दुसरा म्हणतो थांब. गिअरबॉक्सने कुणाचं ऐकायचं?"

"मी इतकी वर्षं हेच विचारतेय," काकू स्कूटरवरून म्हणाल्या.

डावा पाय सीटजवळ ओढून घेतल्यावर गाडी तिसऱ्यात कधी गेली ते कळलंसुद्धा नाही.

घरी येऊन ग्रंथपालांनी 'बहुधा', 'जमल्यास', 'देवाच्या मनात असेल तर' अशा सात कच्च्या उत्तरांचे तुकडे केले. नवं पत्र लिहायला अर्धं मिनिट लागलं. बायको पोस्टाच्या पेटीपर्यंत बरोबर आली.

"अहो, हे पोचणार सोमवारी. ताईंना आणायचंय शनिवारी. सरळ फोन करा."

"फोन तू कर. माझ्या तोंडून 'बघतो' निघून जाईल."

पत्रात "हो. येतो." एवढंच होतं. त्यांनी ते पेटीत सोडलं आणि तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभे राहिले.